मधली बाज

मे महिना आला की लोकांना आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला एक रडणं आठवतं. माझ्याच पोटच्या पोरीनं मला बघून फोडलेला टाहो. चंद्रपूरच्या भर उन्हात तेंदूपत्त्याचा एखादा ट्रक आमच्या घरावरून जातो, वाळक्या पानांचा कडसर वास खिडकीतून आत शिरतो, आणि आजही मी थबकते. हातातलं काम हातातच राहतं.

यंदा तर कहरच झाला. सुजाता, म्हणजे तीच पोरगी, पुण्याहून आपल्या आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. त्याला मी बारशाला पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. रिक्षा थांबली तशी मी चप्पल न घालताच फाटकापर्यंत धावले आणि दोन्ही हात पसरले. पठ्ठ्यानं मला नीट न्याहाळून घेतलं. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि मग असा काही सूर लावला म्हणून सांगू! शेजारच्या बाई पळत बाहेर आल्या. मी हात पसरून तशीच उभी. जन्मभर पहिलीच्या रडक्या पोरांना वर्गात बसवलेली बाई मी, आणि एका रडण्यानं दोन पावलं मागं सरले.

"आई, एवढं काय मनाला लावून घेतेस? तू नवीन आहेस ना त्याला," सुजाता हसत म्हणाली.

"तू मला सांगू नकोस," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. तिचा चेहरा पडला. पण तिला काय माहीत, तिनं स्वतः काय करून ठेवलं होतं ते! कोणी तिला कधी सांगितलंच नाही. आमच्या घरात ती गोष्ट निघाली की सगळे एकदम पाणी प्यायला उठायचे.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. मी चंद्रपुरात वाढलेली, लग्न होऊन धानोऱ्याकडच्या एका खेड्यात पडले. नवरा घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात, चार पुरुषांत मिळून एक खोली. माझं मास्तरकीचं ट्रेनिंग अर्ध्यावर. सुजा चार-पाच महिन्यांची झाली आणि उरलेलं सत्र पुरं करायची वेळ आली. हॉस्टेलात लेकरू चालत नव्हतं. माझी आई तर मी लहान असतानाच गेलेली. सासूबाई म्हणाल्या, "जा तू. सिकून घे. मी आहो ना. पाच वाढवले मी, हे सहावी." त्या 'मी आहो ना'वर विसंबून मी पोरीला त्यांच्या ओटीत घातलं, छातीला घट्ट फडकं बांधलं आणि बसमध्ये चढले.

ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. संध्याकाळ झाली की पोलकं ओलं व्हायचं. पुढं पुढं तेही थांबलं, आणि थांबलं त्याचंच जास्त रडू आलं. गावाकडचं कोणी बसस्टँडवर भेटलं की एकच निरोप, "पोट्टी मस्त गुटगुटीत आहे, बाई. काई फिकर नोको करू." मी फिकर करत नव्हते. मी फक्त चित्र रंगवत होते. मी अंगणात शिरणार, ती मला पाहणार, एकदम झेप घेणार. रक्ताची ओढ म्हणतात ना, ती. ती कुठं जाते? या एका गोष्टीवर मी अख्खी परीक्षा दिली.

मे महिन्यात परीक्षा संपली. गडचिरोलीहून धानोरा, तिथून पुढं पायी. डोक्यावर पत्र्याची पेटी, हातात चंद्रपूरच्या बाजारातलं रबराचं बदक. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. आणि गाव रिकामं! तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम असला की आमच्या गावात कुत्रंही सापडत नाही. पहाट फुटायच्या आत बाया-माणसं जंगलात जातात, पानं खुडतात, दुपारी घरी आणून सालीच्या दोरीनं त्यांचे पुडके बांधतात आणि बांधून झाले की फळीवर नेऊन देतात. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. तिथं मुन्शी पुडके मोजून घेतो आणि ते उन्हात वाळत घालतात. वर्षाकाठी हातात दोन पैसे दाखवणारे हे थोडके दिवस. त्या दिवसांत आजारी माणूससुद्धा आजारी पडत नाही.

तर मी अंगणात शिरले. मोहाच्या सावलीत बाज टाकलेली. बाजेवर माझे सासरे उताणे झोपलेले, आणि त्यांच्या उघड्या छातीवर माझी पोरगी पालथी. तिची लाळ त्यांच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांत. दोघांचं पोट एका लयीत वर-खाली होत होतं. माझ्या डोक्यावरची पेटी कधी खाली आली, मला कळलं नाही.

इथं आमच्या घरची रीत सांगायला हवी. सून सासऱ्यांसमोर उभी राहायची नाही, बोलायची नाही. ते घरात शिरताना खाकरायचे, मी पदर ओढून आत सरकायची. मी अंगणात आले की ते अंगण सोडायचे. माझ्या हातचं ताट ते हातात घेत नसत. मी खाली ठेवून मागं व्हायचं, मग ते उचलायचे. मला काही सांगायचं झालं तर सासूबाईंना सांगत, "तिले म्हना." सासूबाई घरी नसल्या तर बैलाला सांगत! "का रे ढवळ्या, पान्याची घागर भरली का नाई?" आणि मी आतून घागर घेऊन निघायची. यात दुष्टपणा नव्हता हो. ती त्यांची सुनेला मान द्यायची पद्धत होती. मान असा की लग्नाला दोन वर्षं होत आली तरी मी त्यांचं तोंड सरळ पाहिलं नव्हतं. मला ठाऊक होत्या त्या बाजूनं दिसणाऱ्या झुपकेदार मिशा आणि बांबूकटाईत मोडलेला डावा पाय.

पेटी आदळली तसे सासरे जागे झाले. मला पाहिलं. खाकरले. आणि रीतीप्रमाणं त्यांनी काय केलं? पोरीला छातीवरून उचललं, बाजेवर ठेवलं, काठी घेतली आणि लंगडत घरामागं निघून गेले. ते दिसेनासे होईपर्यंत मीही रीतीप्रमाणं पाठ करून उभी. मग धावले. सुजानं डोळे उघडले होते. तिला एका बाजूला त्यांची जाणारी पाठ दिसली आणि दुसऱ्या बाजूनं माझं येणारं तोंड.

माय माय माय! काय ते रडणं! भुकेचं रडणं मला माहीत होतं, दुखण्याचं माहीत होतं. हे वेगळं होतं. हे माझ्याबद्दलचं होतं. मी उचललं तर लाकडासारखी ताठ झाली, माझ्या खांद्यावर दोन्ही हात रोवून मागं मागं रेटत होती, मला ढकलत होती. मी तोंडानं "सुजा, मी गं, मी आई," म्हणते आहे आणि तिचा श्वास अडकतो आहे, ओठ निळे पडताहेत. भीती वाटून मी तिला बाजेवर ठेवलं. मी आपली पोटची पोर खाली ठेवली आणि चार हात लांब जाऊन बसले, तेव्हा कुठं तिला श्वास आला.

उन्हं कलायला लागली तशा सासूबाई डोक्यावर पानांचा भारा घेऊन आल्या. अंगाला पानांचा चीक, तोंडावर धूळ.

"आली का वो माय! घेतली पोट्टीले?"

"येत नाही माझ्याजवळ."

"कशी येईल? ते बुढ्याची आहे ना."

"आत्याबाई, तुम्ही सांभाळणार होतात ना?"

"मी कुठी घरी राहतो वो?" भारा खाली टाकत त्या म्हणाल्या. त्यांना यात नवल असं काही वाटतच नव्हतं. "मोहफूल आलं, मोहफुलाले गेलो. आता पत्ता आहे. घरी कोन राह्यते, तं लंगडा बुढा. त्यानंच पाह्यलं. आपले पाच झाले तं एकाले हात नाई लावला कदी. बाप्या मानसानं लेकरू घेनं म्हंजे लाज वाटे त्याले. अन् आता पाह्य!"

मग सगळं एकेक करून कळलं. आंबील बोटावर घेऊन चाटवायची ती सासऱ्यांनी. झोळीची दोरी अधू पायाच्या अंगठ्याला बांधून दिवसभर झुलवायची ती त्यांनीच. अंगाई कुठली येणार त्यांना? बैल हाकायचा तो 'होss, हो रे, होss' एवढाच सूर गळ्यात. माझी पोरगी त्या सुरावर झोपत होती! मी हॉस्टेलात डोळे मिटून तिला म्हणून दाखवायच्या अंगाया जुळवत होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगते, मला त्या म्हाताऱ्या माणसाचा हेवा वाटला.

दुपारी आमच्या अंगणात शेजारपाजारच्या बाया पुडके बांधायला बसत. पानांवर पान ठेवल्याचा सळसळ आवाज, पाण्याचा शिडकावा, भिजल्या पानांचा वास, आणि हात चालतात तशा जिभाही. "शालू, तुह्या पोट्टीची माय मिशीवाली आहे वो!" एकजण म्हणाली आणि सगळं अंगण हसलं. "दूध कुठून पाजते म्हनाव त्याले इचार!" मीही हसले. हसता हसता आत गेले आणि चुलीपाशी बसून पदर तोंडात कोंबला. सासूबाई मागून आल्या. त्यांनी मीठ-मिरच्या घेतल्या आणि पोरीवरून उतरवून चुलीत टाकल्या.

"आत्याबाई, आपण बौद्ध ना? दृष्टबिष्ट आता कशाला?"

"आपन झालो बौद्ध. मिर्च्या थोड्याच झाल्या?" त्या म्हणाल्या. मिरच्यांचा ठसका मला लागला, पोरीला लागला, सासूबाईंना लागला. पोर रडत रडत दाराकडं रांगत गेली, बाहेर सासऱ्यांकडं.

मी काय काय केलं नाही! बदक पाण्यात सोडून दाखवलं. बिस्किटं चुरून दिली. आंबील तशीच बोटावर घेऊन पुढं केली. तिनं बोटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. माझं बोट मऊ होतं. तिला ते ओळखू आलं नाही. आता सहज म्हणते मी, पण तेव्हा त्या साध्या गोष्टीचा मला केवढा धक्का बसला होता! हिला मी जन्म दिला, आणि हिला कोणाचं बोट हवं आहे, तर दगडासारख्या टणक बोटाच्या माणसाचं.

त्यातच नोकरीची ऑर्डर आली. घुग्घुसजवळच्या खेड्यात शाळा, जूनमध्ये रुजू व्हायचं. नवऱ्यानं वेगळी खोली बघायला घेतली. घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी गूळ वाटला. आणि पान लावावं इतक्या सहज म्हणाल्या, "पोट्टी येत नसंल तं राहू दे इथीच. तू नोकरी कर. मोठी झाली का नेजो."

त्या वाईट बोलल्या नव्हत्या. गावात अशी कितीतरी पोरं आजा-आजीकडं वाढत होती. पण मला तिथल्या तिथं कळलं, की आता हिला इथं ठेवून गेले तर ही पुढं मला आई म्हणेल, वाकून नमस्कारही करेल, पण माझी होणार नाही. आणि ओढून नेली तर? त्या बसमध्ये चार तास, त्या अनोळखी खोलीत रात्रंदिवस, ही अशीच श्वास अडकवून रडणार, आणि ज्याला बघून गप्प व्हायची तो माणूस तिथं नसणार. दोन्हीकडून मला आपली पोर जाताना दिसत होती.

वैशाखी पौर्णिमेला विहारात वंदना होती. चटईवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, पांढऱ्या साड्या, पुढं दिवा, बाहेर खिरीनं भरलेला मोठा गंज. सुजाला सासूबाईंनी मांडीवर घेतलं होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. माझे उघडे होते. सुजा मांडीवरून उतरली आणि रांगायला लागली. बायांची बाजू संपली, पुरुषांची आली. ती एकेकाचा गुडघा धरत, तोंड बघत, पुढं पुढं. शेवटी एका मोडक्या पायापाशी थांबली, मांडीवर चढली आणि तिनं सुस्कारा टाकला. मोठं माणूस दिवसभराचं काम संपवून टाकतं तसा सुस्कारा. वंदना चालूच होती. सासऱ्यांनी डोळे उघडले. आधी पोरीकडं पाहिलं, मग बायांच्या बाजूला माझ्याकडं नजर टाकली आणि मान खाली घातली. मी रडत होते ते त्यांना दिसलं असणार. खीर मी घशाखाली उतरवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत भाकरी थापत होते. बाहेर सासूबाई नव्हत्या. सासरे सुजालाच सांगत होते, आवाज माझ्यापर्यंत यावा एवढा चढवून. "सुजे, तुह्या मायले सांग. मी फळीवर चाललो राखनीले. हंगाम सरेपर्यंत तिथीच राहतो. मी नसलो म्हंजे तू येशील तिच्याजवळ. सांग तिले, पोट्टीले घेऊन जाय म्हना घुग्घुसले. बुढ्याचं काय!" मग खाकरणं. बाजेवर काहीतरी ठेवल्याचा आवाज. काठी टेकत जाणं. मी बाहेर आले तेव्हा सुजा बाजेवर होती आणि फाटक हलत होतं.

पहिला दिवस ती रडली. आवाज बसेपर्यंत रडली. दुसऱ्या दिवशी रांगत बाजेपाशी गेली, बाजेच्या दोरीत बोटं अडकवून उभी राहिली आणि फाटकाकडं पाहत राहिली. मग ते पाहणंही थांबलं. मग काय झालं सांगू? मी उचललं तर रडली नाही! मांडीवर घेतलं, बसली. आंबील दिली, तोंड उघडलं. मी तर हरखून गेले. आली बाई एकदाची! सासूबाईंनाही आनंद झाला. "पाह्यलं? बुढा गेला अन् पोट्टी सुधरली." मी तिला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, बदक हातात दिलं. तिनं बदक हातात धरलं. धरलं म्हणजे बोटं मिटली एवढंच. थोड्या वेळानं ते आपोआप गळून पडलं, तिनं पडलेल्या बदकाकडं पाहिलंसुद्धा नाही.

मग मला दिसायला लागलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. कोणाकडंच नाही. हसवलं तर हसत नव्हती, पडली तर रडत नव्हती. नऊ महिन्यांचं लेकरू, आणि डोळे असे की माणूस नसलेल्या घराची खिडकी. ही माझ्याकडं आली नव्हती. हिनं वाट बघणं सोडून दिलं होतं.

मी आत पाणी आणायला गेले आणि परत बाहेर यायला निघाले. माझ्या बांगड्या किणकिणल्या. सुजा बाजेवर बसली होती. बांगड्यांचा आवाज झाला मात्र, तिनं दोन्ही मुठींनी बाजेची दोरी गच्च धरली आणि डोळे मिटून घेतले. जाणारा कोणी तिथं नव्हताच. तरी धरली.

हातातला तांब्या माझ्याकडून सुटला. अगं बाई! असं आहे होय हे! मी आले, ते गेले. मी आले, ते गेले. दर वेळी. आम्ही दोघं मोठी माणसं एकमेकांचा मान राखत होतो, आणि त्या मानापायी या पोरीला दर वेळी एका छातीवरून उचलून रिकाम्या बाजेवर ठेवलं जात होतं. इकडची छाती गेलेली, तिकडची आलेली नाही, मध्ये नुसती दोरी. तिच्या लेखी मी आई नव्हतेच. बांगड्या वाजल्या की तिचं माणूस नाहीसं होतं, एवढंच तिला माझ्याबद्दल ठाऊक होतं. मी तिच्या जागी असते तर मीसुद्धा मला पाहून किंचाळले असते.

आज पुण्याच्या मुली पुस्तकं वाचून हे सगळं जाणतात. परवा सुजातानं मला सांगितलंच, "आई, तू त्याला लगेच घेऊ नकोस. माझ्याजवळ बस, माझ्याशी बोल. तो बघेल." मी तिच्याजवळ बसले. कोथिंबीर निवडली. नातू तिच्या मांडीवरून मला चोरून बघत होता आणि मी त्याच्याकडं न बघता बघत होते. सगळं सोपं. पण मला ते तेव्हा कोणी सांगितलं नाही, सासऱ्यांना सांगितलं नाही, आणि रक्ताची ओढ, नाळेचं नातं असलं काहीबाही मात्र सगळ्यांनी सांगितलं. नाळ तर सुईणीनं त्याच दिवशी कापली. पुढं जो रोज दिसतो, रोज हाताला लागतो आणि दिसेनासा होत नाही, त्याचं लेकरू. एवढंच. एवढीशी गोष्ट, आणि ती कळली तेव्हा मी भर अंगणात मटकन खाली बसले होते.

बसून चालणार नव्हतं. मी सुजाला कडेवर घेतलं, डोक्याला पदर गुंडाळला आणि फळीची वाट धरली. टळटळीत दुपार. पायवाटेवर वाळका पाला, जमिनीतून वाफा. पोरगी कडेवर नुसती लोंबत होती. मला धरतही नव्हती आणि ढकलतही नव्हती.

फळीवर पुडक्यांच्या लांबच लांब ओळी वाळत घातलेल्या. एका अंगाला पाल्याचा मांडव. त्यात मुन्शी मोजणी करत होता, चार-सहा माणसं टेकली होती, काही बाया पुडके घेऊन पोचल्या होत्या. सासरे मांडवाच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून उकिडवे बसलेले. दाढीचे खुंट वाढलेले. त्यांनी मला येताना पाहिलं. आणि काय केलं असेल? खाकरले, उठले, आणि पाठ फिरवून निघाले!

सुजानं ती पाठ पाहिली. इतके दिवस मुकी झालेली पोर अशी किंचाळली की मुन्शीची मोजणी चुकली.

"मामाजी, जाऊ नका!"

हे मी ओरडले. मी! सासऱ्यांशी आयुष्यात बोललेला माझा पहिला शब्द, तोही सगळ्या फळीसमोर, तोही ओरडून. बाया तोंडावर हात ठेवून उभ्या. सासरे थांबले, पण वळले नाहीत.

"मी आले की तुम्ही जाता," माझा आवाज आता सुटला होता. "म्हणून ती मला भिते. तिला वाटतं मीच तुम्हाला हाकलते. तिनं खेळणं सोडलंय, हसणं सोडलंय. मला नको तुमचा मान. बसा इथं. मीपण बसते."

आणि मी बसले. मांडवात, त्यांच्या पुढ्यात, जमिनीवर. डोक्यावरचा पदर केव्हाच घसरला होता, मी तो सावरला नाही. ते हळूहळू वळले. बसले. नजर जमिनीवर. सुजा त्यांच्याकडं झेपावत होती. त्यांनी हात पुढं केले आणि सवयीनं इकडंतिकडं पाहिलं, मध्ये पोरीला ठेवायला काही आहे का. तिथं तापलेली माती होती. मी पोरीला त्यांच्या हातांवरच दिली. त्यांची बोटं माझ्या मनगटाला लागली. दोघंही दचकलो. पण दोघांनीही सोडलं नाही, सोडलं असतं तर पोर पडली असती.

मला वाटलं आता ती त्यांच्या गळ्यात पडेल. कसलं काय! तिनं त्यांच्या तोंडावर चापट मारली. मग दुसरी. मिशा धरून ओढल्या. रडत होती आणि मारत होती. एवढ्याशा जिवाला एवढा राग! सासरे तोंड पुढं करून बसले होते.

"मार," ते म्हणाले. "मार मले. गेलतो मी. तुले सोडून गेलतो." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी मिशांवर उतरलं. सगळ्या गावादेखत. त्या माणसाला रडता येतं हे बहुधा मुन्शीला काय, सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं.

मारून मारून ती दमली. हुंदके देत तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडं. मी होते. परत त्यांच्याकडं. तेही होते. तिचा विश्वास बसेना. कितीतरी वेळ ती इकडून तिकडं, तिकडून इकडं बघत राहिली. दोघांना असं समोरासमोर तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं असेल.

सासूबाई पुडक्यांचा भारा घेऊन फळीवर आल्या त्या नेमक्या तेव्हा. माझं उघडं डोकं, समोर सासरा, नवऱ्याच्या गालावर ओरखडे. भारा डोक्यावरून उतरवायचं त्या विसरूनच गेल्या. पुढं जूनमध्ये त्यांनीच आम्हा तिघांना बसमध्ये बसवलं. "ने बाई दोघांलेबी. मले काय, मी राहतो एकटी," असं म्हणत सासऱ्यांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. घुग्घुसच्या त्या धुरकट खोलीत, मी शाळेत असताना, कारखान्यातल्या माणसांच्या हसण्याकडं दुर्लक्ष करून ते पोरगी सांभाळत राहिले. पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

त्या दुपारी एवढंच झालं, की सुजा त्यांच्या मांडीवरून घसरत घसरत माझ्या मांडीवर आली. त्यांचं एक बोट तिनं मुठीत धरून ठेवलं होतं, ते सोडलं नाही. त्यामुळं त्यांना पुढं सरकावं लागलं, इतकं की त्यांच्या अंगाचा तंबाखू-घामाचा वास मला येत होता. तिनं माझ्या पोटाशी डोकं खुपसलं. एक लांब, तुटका हुंदका आला. डोळे मिटले. माझ्या अंगावर ती झोपली. माझी पोरगी माझ्या अंगावर! मी पदरानं तिच्या तोंडावरचं ऊन अडवायला हात उचलला.

सासऱ्यांनी मान वर केली. सरळ माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"हालू नोको बेटा," ते मला म्हणाले. "उठंल ते."

मी हात तसाच धरून ठेवला.